वाचकांचे प्रश्न : निर्वात कक्षातला दिवा

गेल्या अंकात उपग्रहांच्या उष्णता-निर्वात चाचणीची ओळख करून दिली होती. उपग्रह अवकाशात पाठवण्याआधी तो मोठ्या पोलादी कक्षात ठेवतात, आतली हवा पंपांनी जवळजवळ पूर्णपणे उपसून काढतात, भिंतींच्या आतल्या काळ्या पडद्यांतून द्रव नायट्रोजन फिरवून ते पडदे उणे १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात आणि तशा थंड पोकळीत उपग्रह दिवसेंदिवस चालवून पाहतात, असे त्या लेखाचे थोडक्यात सार होते. कक्षातल्या दिव्यांचा उल्लेख त्यात एकाच ओळीत आला होता, पण आलेली बहुतेक पत्रे नेमकी त्या ओळीबद्दल आहेत. मला याचा मनापासून आनंद झाला. चाचणीच्या तयारीत दिव्यांचा विचार सगळ्यांत शेवटी होतो, आणि त्या उशिराची किंमत पुढे मोजावी लागते, हे मी जवळून पाहिले आहे.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयात छोट्या उपग्रहाचे भाग तपासण्यासाठी पाऊण मीटर लांबीचा निर्वात कक्ष उभारला आहे. आतले दिसावे म्हणून होल्डरमध्ये ९ वॅटचा घरगुती एलईडी बल्ब लावला. पंप सुरू केल्यावर काही मिनिटांत होल्डरजवळ जांभळट चमक दिसली, बल्ब लुकलुकला आणि बंद पडला. दुसरा बल्ब आम्ही पूर्ण निर्वात झाल्यानंतरच पेटवला, तोही अर्ध्या तासाने गेला. एलईडी तर थंड दिवा समजला जातो, मग असे का झाले? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : तुमचे दोन बल्ब दोन वेगवेगळ्या कारणांनी गेले. कोणता बल्ब केव्हा पेटवला याची नोंद तुम्ही ठेवली, म्हणूनच हे सांगता येते.

पहिल्या बल्बाचा दोष दाबाचा आहे. हवा ही चांगली विद्युतरोधक आहे आणि पूर्ण पोकळी तिच्याहूनही चांगली. पण या दोहोंच्या मधे एक पट्टा असा आहे, जिथे विरळ झालेल्या हवेत सहज ठिणगी पडते. दोन तारांमधले अंतर आणि हवेचा दाब यांच्या गुणाकारावर ठिणगीला लागणारा व्होल्टेज ठरतो. हवेसाठी हा व्होल्टेज कमीत कमी सुमारे ३२७ व्होल्टपर्यंत खाली येतो, आणि एक सेंटीमीटर अंतर असेल तर तो नीचांक साधारण पाऊण मिलिबार दाबाला येतो. आता आपल्या घरातली वीज पाहा. आपण तिला २३० व्होल्ट म्हणतो, पण प्रत्यावर्ती विजेची ती सरासरीसारखी किंमत आहे; प्रत्येक लाटेच्या माथ्यावर तोच व्होल्टेज ३२५ पर्यंत जातो. पुरवठा जरा चढा असला की तो ३२७ ची रेघ ओलांडतो. तुमचा पंप हवा उपसत असताना पाऊण मिलिबारच्या टप्प्यातून गेला, तेव्हा होल्डरच्या दोन पिनांमधल्या विरळ हवेत विजेचा मंद स्राव सुरू झाला. तुम्हाला दिसलेली जांभळट चमक तीच. म्हणूनच मोठ्या प्रयोगशाळांमध्ये दाब काही मिलिबारच्या खाली गेला की मिलिबारच्या हजाराव्या भागाच्याही बराच खाली उतरेपर्यंत आतले कोणतेही चढे व्होल्टेज चालू करायचे नाही, असा कडक नियम असतो.

दुसऱ्या बल्बाचा दोष उष्णतेचा आहे. एलईडी थंड असतो, हा समज अर्धाच खरा आहे. त्याच्या प्रकाशात अवरक्त किरण फार कमी असतात, त्यामुळे समोर धरलेला हात भाजत नाही. पण पांढऱ्या एलईडीला दिलेल्या विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा प्रकाश होतो आणि बाकीची वीज दिव्याच्या पाठीमागे उष्णता होऊन साठते. घरात ही उष्णता भोवतालची हवा वाहून नेते. शाळेत आपण उष्णतेच्या प्रवासाचे वहन, अभिसरण आणि प्रारण असे तीन मार्ग शिकलो. निर्वात कक्षात त्यातले अभिसरण नाहीसेच होते. तुमचा बल्ब चिनी मातीच्या होल्डरमध्ये होता, म्हणजे वहनाचाही मार्ग जवळपास बंद. उरले फक्त प्रारण. माझ्या ढोबळ हिशोबाने अशा बल्बचे बाहेरचे आवरण ९० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले असेल. आतल्या सुट्या भागांमधली हवाही निघून गेल्यामुळे तिथले तापमान त्याहून बरेच वर असणार. बल्बच्या बुडाशी जे विद्युतमंडल असते, त्यात एक छोटा डबीसारखा धारित्र (कपॅसिटर) असतो आणि त्यात द्रव भरलेला असतो. उष्णता आणि पोकळी यांच्या जोडीपुढे तो टिकत नाही, फुगतो आणि फुटतो. मेलेला बल्ब उघडून पाहा. डबीचे डोके फुगलेले दिसेल, आणि आजूबाजूला पिवळसर ओल सुकल्याची खूण असेल.

आता काय करावे ते सांगतो. विद्युतमंडल कक्षाच्या बाहेर ठेवा आणि आत फक्त एलईडी असलेली धातूची पट्टी ठेवा. पुरवठा २४ व्होल्टच्या आसपासचा, एकदिश (डीसी) आणि स्थिर विद्युतप्रवाहाचा घ्या, स्थिर व्होल्टेजचा घेऊ नका. एलईडी जसजसा गार होतो तसतसा त्याला लागणारा व्होल्टेज वाढतो, आणि व्होल्टेज स्थिर ठेवला तर थंडीत दिवा मंद होत होत मालवतो. पट्टी जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पाटीवर घट्ट बसवा, पाटीवर तापमान मोजणारी थर्मोकपलची तार चिकटवा आणि ठरवलेल्या अंशाच्या वर गेले की पुरवठा आपोआप तुटेल अशी व्यवस्था करा. पट्टी आणि पाटी एकमेकींवर नुसती टेकवून चालणार नाही. हवेत अशा सांध्यातली हवाच अर्धी उष्णता पलीकडे नेते. पोकळीत धातूला धातू जिथे खरोखर टेकला असेल तेवढ्याच ठिपक्यांमधून ती जाते. मधे इंडियम धातूचा पातळ पत्रा घालून स्क्रू आवळले तर तो मऊ पत्रा सांध्यातल्या खाचा भरून काढतो.

मात्र हे सगळे करण्याआधी माझा सल्ला वेगळाच आहे. तुमच्या कक्षाला काचेची खिडकी आहे असे पत्रात पुढे लिहिले आहे. मग दिवा आत नेताच कशाला? खिडकीबाहेर दिवा ठेवा आणि तिथून उजेड आत टाका. बाहेर ठेवलेल्या दिव्याला उष्णतेची काळजी नाही, आतली पोकळी बिघडवण्याची भीती नाही, आणि बंद पडला तर कक्ष न उघडता बदलता येतो. फक्त तापणारा हॅलोजन काचेला चिकटवून ठेवू नका. १५ सेंटीमीटर व्यासाच्या काचेवर बाहेरच्या हवेचा सुमारे १८० किलोचा भार आधीच असतो, आणि एका बाजूने तापलेल्या काचेत त्यावर आणखी ताण चढतो.

प्रश्न : माझा अ‍ॅनोडायझिंगचा कारखाना आहे; तिथे आम्ही विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा कडक थर चढवतो. एका ग्राहकाने निर्वात कक्षातल्या दिव्यासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या सपाट पाट्या आणून दिल्या आणि त्या काळ्या करून मागितल्या. मी म्हटले, पंख असलेले हीट सिंक घ्या, उष्णता लवकर जाईल. ते म्हणाले, पंखांचा इथे उपयोग नाही. हे खरे आहे का? आणि काळ्या रंगाने खरोखर किती फरक पडतो? (वाचक, भोसरी)

उत्तर : तुमचे ग्राहक बरोबर सांगत होते, आणि तुमच्या कामाचे महत्त्व त्यांनी तुम्हाला सांगायला हवे होते.

पंख हवेसाठी असतात. दोन पंखांच्या फटीत शिरलेली हवा तापते, वर चढते, तिच्या जागी गार हवा येते. जितके पंख जास्त तितका हवेला स्पर्श जास्त. पोकळीत उष्णता फक्त किरणांच्या रूपाने सरळ रेषेत निघते. एका पंखातून निघालेला किरण समोरच्या पंखावर आपटतो आणि तिथेच शोषला जातो. उष्णता घरातल्या घरात फिरत राहते. थंड भिंतीला जेवढा पृष्ठभाग ‘दिसतो’ तेवढाच कामाचा. म्हणून सपाट पाटी बरी, आणि तिचे तोंड थंड पडद्याकडे हवे.

रंगाचा फरक आकड्यांत पाहा. ५० वॅटच्या एलईडी दिव्यात सुमारे ३५ वॅट उष्णता होते असे धरू. २५ सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद पाटी घेतली तर दोन्ही बाजू मिळून ०.१ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. ही पाटी चकचकीत पॉलिश केलेली असेल, तर त्याच तापमानाच्या आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या केवळ विसावा हिस्सा उष्णता ती बाहेर टाकते, आणि ३५ वॅट घालवण्यासाठी तिला सुमारे ३२० अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागेल. एलईडी त्याच्या कितीतरी आधी जळून जाईल. तीच पाटी चांगली काळी अ‍ॅनोडाइझ केली की ती आदर्श पृष्ठभागाच्या सुमारे ८५ टक्के उष्णता टाकते, आणि समोर द्रव नायट्रोजनचा पडदा असेल तर ती २० अंशांच्या जवळ स्थिरावते. दिवा तोच, पाटी तीच, वीज तीच. फक्त तुमच्या टाकीतून आलेला जेमतेम २०-२५ मायक्रॉनचा थर मधे आला आणि ३०० अंशांचा फरक पडला.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. हा हिशोब भिंती थंड असतानाचा आहे. चाचणीच्या गरम टप्प्यात भिंती अधिक ८० अंशांवर नेल्या, तर तीच काळी पाटी ११५ अंशांवर जाईल. म्हणून गरम टप्प्यात दिवे थोडा थोडा वेळच लावतात, नाहीतर पाटीला स्वतंत्र थंड नळी जोडतात.

तुमच्या कामापुरत्या तीन गोष्टी. जेवढ्या जागेवर दिव्याची पट्टी बसणार आहे तेवढी जागा झाकून ठेवा, कारण अ‍ॅनोडायझिंगचा थर उष्णतेला अडवतो आणि सांध्यात उघडा धातूच हवा. काळ्या रंगासाठी सेंद्रिय रंगद्रव्य वापरत असाल तर ग्राहकाला तसे सांगा. अतिनील प्रकाशात ते विटते, आणि अवकाशाच्या कामासाठी पुष्कळदा कोबाल्ट किंवा निकेल सल्फाइड थरातल्या सूक्ष्म छिद्रांमध्ये बसवून केलेला अकार्बनी काळा रंग मागतात. आणि सीलिंगमध्ये, म्हणजे ती छिद्रे शेवटी बंद करण्यात, हयगय करू नका. उघडी राहिलेली सूक्ष्म छिद्रे पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी पंपाला तासन्‌तास पुरून उरते.

प्रश्न : दिव्याच्या तारेला साधे पीव्हीसीचे वेष्टण चालत नाही असे वाचले. तार तर उष्णही होत नाही. मग अडचण काय? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : अडचण वासाची आहे, असे म्हटले तर पटकन समजेल. नव्या मोटारीत बसल्यावर किंवा नव्या रेक्झिनच्या पिशवीला जो वास येतो, तो त्यातून सुटणाऱ्या रेणूंचा असतो. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्ये मिसळतात आणि ती सतत थोडी थोडी सुटत असतात. पोकळीत त्यांना अडवायला हवा नसते. सुटलेला रेणू सरळ जातो आणि पहिला थंड पृष्ठभाग मिळेल तिथे बसतो. कक्षात तो पृष्ठभाग बहुतेक वेळा दुर्बिणीचा आरसा किंवा कॅमेऱ्याचे भिंग असतो.

मी हे पहिल्यांदा पाहिले ते एका प्रयोगशाळेत. तिथे आतल्या दोन दिव्यांना कोणीतरी घाईत साधी तार जोडली होती. चार दिवसांनी कक्ष उघडला तेव्हा सगळे ठीक दिसत होते. मग एका सहकाऱ्याने खिडकीच्या आतल्या काचेवर टॉर्च तिरकी धरली आणि काचेवर पाण्यावरच्या तेलासारखे फिके रंग उमटले. कापसाने पुसले तर कापूस पिवळा झाला. त्या कक्षाची नंतरची दोन आठवड्यांची वेळ केवळ साफसफाईत आणि भिंती तापवून आतली घाण बाहेर काढण्यात गेली.

यासाठी एक जगमान्य चाचणी आहे. पदार्थाचा छोटा नमुना पोकळीत १२५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवतात आणि समोर २५ अंशांवर एक स्वच्छ पत्री ठेवतात. नमुन्याचे वजन एक टक्क्याहून जास्त घटता कामा नये, आणि समोरच्या पत्रीवर जमलेला थर मूळ वजनाच्या ०.१ टक्क्याच्या आत असला पाहिजे. साधे पीव्हीसी इथेच नापास होते. म्हणून टेफ्लॉनच्या किंवा कॅप्टॉन नावाच्या प्लॅस्टिकच्या वेष्टणाच्या तारा घेतात. सिलिकोनची भिंगे असलेल्या एलईडीबाबतही सावध राहावे लागते: सिलिकोनची वाफ एकदा काचेवर बसली आणि तिच्यावर अतिनील प्रकाश पडला, की ती तिथे घट्ट होऊन काळवंडते आणि मग कोणत्याही द्रावणाने निघत नाही.

तारेइतकेच लक्ष स्क्रूंकडेही द्यावे. जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा दिलेले स्क्रू नकोत, कारण हे धातू पोकळीत तापले की त्यांची वाफ होते. आणि आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या भोकात घट्ट बसवलेल्या स्क्रूच्या तळाशी हवेचा थेंबभर साठा अडकतो, तो आट्यांमधून दिवसभर झिरपत राहतो आणि कक्षाला कुठेतरी गळती आहे असा भास होतो. त्यासाठी मधून आरपार छिद्र असलेले स्क्रू मिळतात.

प्रश्न : अवकाशात उपग्रहावर सूर्यप्रकाश पडतो. कक्षात तो सूर्य कसा आणतात? तोही दिवाच असतो का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : होय, दिवाच असतो, पण आधीच्या प्रश्नांतल्या दिव्यांपेक्षा त्याचे काम उलटे आहे. ते दिवे दिसण्यापुरते हवेत आणि त्यांनी उष्णता मुळीच देऊ नये असे वाटते. इथे उष्णता हीच हवी असते, आणि ती सूर्याच्या प्रमाणात व सूर्याच्या रंगात हवी असते.

पृथ्वीच्या अंतरावर प्रत्येक चौरस मीटरवर सूर्याकडून सुमारे १३६१ वॅट ऊर्जा पडते. एवढी ऊर्जा साध्या हीटरनेही देता येईल, पण उपग्रहाचे पृष्ठभाग वेगवेगळ्या रंगांच्या किरणांना वेगवेगळा प्रतिसाद देतात. पांढऱ्या रंगाचा थर सूर्यप्रकाशाचा पाचवा हिस्साच शोषतो, तर गरम भांड्यातून येणाऱ्या अवरक्त किरणांचा बहुतेक सगळा भाग शोषतो. हीटरने सूर्याचे काम करायचे ठरवले तर पांढरा भाग खऱ्यापेक्षा किती तरी जास्त तापेल. शिवाय सूर्य दूर असल्यामुळे त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात आणि सावल्या रेखीव पडतात. एका भागाची सावली दुसऱ्यावर नेमकी कुठे पडते यावर त्याचे तापमान ठरते.

हे सगळे साधण्यासाठी झेनॉन वायूचे प्रचंड दिवे वापरतात. झेनॉनच्या प्रकाशात अवरक्ताच्या जवळ काही ठळक रेषा असतात ज्या सूर्यात नाहीत, पण बाकीचा वर्णपट सूर्याच्या बराच जवळ जातो. नेदरलँड्समध्ये नोर्डविकला युरोपीय अवकाश संस्थेच्या केंद्रात मोठा अंतराळ-सदृशीकरण कक्ष, म्हणजे अवकाशासारखी स्थिती निर्माण करणारा कक्ष आहे. तिथे प्रत्येकी २५ किलोवॅटचे १९ झेनॉन दिवे आहेत. कक्षात न बसवता ते बाहेर दिव्यांच्या वेगळ्या खोलीत ठेवले आहेत. त्यांचा प्रकाश क्वार्ट्झच्या खिडकीतून आत येतो, सहा बाजूंच्या १२१ तुकड्यांनी बनलेल्या भल्या मोठ्या आरशावर पडतो आणि ६ मीटर व्यासाचा समांतर झोत होऊन उपग्रहावर जातो. बुधाकडे निघालेल्या बेपीकोलंबो यानाच्या चाचणीला पृथ्वीजवळच्या दहापट सूर्य हवा होता. तेव्हा आरशाचे तुकडे नव्याने वळवून तोच झोत सुमारे २.७ मीटरवर एकवटला. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या २५ फुटी कक्षात ३७ झेनॉन दिवे आहेत. भारतातही बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात मोठा अंतराळ-सदृशीकरण कक्ष आहे.

झेनॉनच्या आधी कोळशाच्या कांड्यांमधल्या विद्युतज्वालेचा सूर्य वापरत. ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्रातल्या ‘चेंबर ए’मध्ये अपोलोच्या काळी तसे दिवे होते. तो कक्ष १६.८ मीटर व्यासाचा आणि २७.४ मीटर उंच आहे, आणि त्याचे दार १२ मीटरच्या वर आहे. १९६८ च्या जूनमध्ये जोसेफ कर्विन, व्हॅन्स ब्रँड आणि जो एंगल या तीन अंतराळवीरांनी तिथे बंद अपोलो यानात आठवडाभर राहून ते यान पोकळीत चालवून दाखवले. बाहेर पोकळी, एका बाजूला द्रव नायट्रोजनची थंडी, दुसऱ्या बाजूला मानवनिर्मित सूर्य आणि मधे तीन माणसे, हे चित्र मला आजही थक्क करते.

झेनॉन दिव्यांबद्दल आपल्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट जरूर सांगावी. या दिव्यात थंड असतानाही वायू मोठ्या दाबाने कोंडलेला असतो. म्हणून दिवा बदलणारा तंत्रज्ञ चेहऱ्यावर जाड पारदर्शक ढाल आणि अंगावर चामडी कोट घालतो. क्वार्ट्झला उघडे बोट लागले तर घामातले क्षार तापल्यावर काचेत शिरतात, तिथली काच पांढुरकी होऊन कमकुवत होते आणि पुढे फुटते. बोटाचा एक ठसा एवढा महाग पडतो.

प्रश्न : कक्षातल्या साध्या दिव्यांच्या उजेडानेही उपग्रह गरम होत असेल ना? मग चाचणीचे आकडे चुकत नाहीत का? (वाचक, ठाणे)

उत्तर : चुकतात, आणि किती चुकतात ते उपग्रह किती थंड आहे यावर अवलंबून असते.

वरच्याच ५० वॅटच्या दिव्यातून सुमारे १५ वॅट प्रकाश बाहेर पडतो असे धरा आणि तो ४ चौरस मीटरवर पसरला असे समजा. म्हणजे चौरस मीटरला ४ वॅटहून थोडे कमी. ही रक्कम क्षुल्लक वाटते, आणि खोलीच्या तापमानाला ती खरोखरच क्षुल्लक आहे, कारण त्या तापमानाचा काळा पृष्ठभाग स्वतःच चौरस मीटरला ४६० वॅट टाकत असतो. दिव्याने त्याचे तापमान अर्ध्या-पाऊण अंशाने वाढेल. पण पृष्ठभाग १०० केल्विनला, म्हणजे उणे १७३ अंशांना असेल, तर तो ६ वॅटहूनही कमी टाकतो. अशा पृष्ठभागावर तेच ४ वॅट पडले की तो १०० वरून सुमारे ११३ केल्विनवर चढतो. आणि पृष्ठभाग ४० केल्विनचा असेल तर त्याचे स्वतःचे प्रारण चौरस मीटरला केवळ ०.१५ वॅट असते. दिव्याचा उजेड त्याच्या पंचवीसपट होतो.

हे उदाहरण काल्पनिक नाही. जेम्स वेब दुर्बिणीचे आरसे अवकाशात सुमारे ४० केल्विनला काम करतात, आणि २०१७ मध्ये तिची जवळपास १०० दिवसांची थंड चाचणी ह्यूस्टनच्या त्याच ‘चेंबर ए’मध्ये झाली. तिथे द्रव नायट्रोजनच्या पडद्याच्या आत थंड हेलियमचा आणखी एक पडदा बसवला होता. आरशांच्या जागा मोजणारे कॅमेरे हवा कोंडलेल्या बंद डब्यांत बसवले होते, आणि ते डबे फिरत्या दांड्यांवर राहून काचेतून बाहेर पाहत असत. अशा दुर्बिणीसमोर दिवा लावून ठेवणे म्हणजे थर्मामीटरवर फुंकर मारत ताप मोजण्यासारखे आहे. अशा वेळी प्रकाश हवा तेव्हा, हवा तेवढाच आणि क्षणभरच देतात.

इथे रंगाचाही विचार करावा लागतो. सोन्याचा मुलामा निळ्या प्रकाशाचा अर्ध्याहून अधिक भाग शोषून घेतो, म्हणून तर सोने आपल्याला पिवळे दिसते. तांबड्या प्रकाशाचा मात्र तो जेमतेम काही टक्केच ठेवतो. पांढऱ्या एलईडीत निळा रंग भरपूर असतो. म्हणून सोनेरी आरशावर थोडा उजेड टाकायचाच असेल, तर मी तांबडा एलईडी निवडेन.

प्रश्न : कक्षातल्या उपग्रहाच्या छायाचित्रांत चंदेरी-सोनेरी आवरणावर नुसते पांढरे डाग दिसतात आणि बाकी सगळे काळे. मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. आमच्याकडे असे फोटो गिऱ्हाईक परत करेल. तिथे चांगला उजेड का करत नाहीत? (छायाचित्रकार, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या स्टुडिओत पांढऱ्या भिंती आणि छत तुमच्या मदतीला असतात; एकदा टाकलेला उजेड चार वेळा परावर्तित होऊन सावलीतही पोहोचतो. निर्वात कक्षाच्या भिंती मुद्दाम काळ्या केलेल्या असतात, कारण त्यांनी उष्णता गिळायची असते, आणि त्या प्रकाशही तसाच गिळतात. उलट उपग्रहाचे आवरण चुरगळलेल्या आरशासारखे असते आणि त्याच्या प्रत्येक सुरकुतीत दिव्याचे एक प्रतिबिंब उमटते. म्हणून एक मोठा दिवा वापरण्याऐवजी पुष्कळ लहान दिवे कॅमेऱ्याच्या रेषेपासून दूर, आवरणाला तिरके लावतात आणि प्रत्येकाला बाहेरून स्वतंत्र बटण ठेवतात. एका वेळी एक-दोनच लावून वेगवेगळी छायाचित्रे घेतात. तुम्ही दागिन्यांच्या फोटोसाठी वापरता ती युक्तीही चालते: दिव्यावर एक ध्रुवक (पोलरायझर) आणि कॅमेऱ्यावर त्याला काटकोनात दुसरा ध्रुवक लावला की चकाकी बरीच नाहीशी होते. ध्रुवक प्लॅस्टिकचा असतो, म्हणून तो आत न ठेवता खिडकीच्या बाहेर किंवा कॅमेऱ्याच्या बंद डब्यातच बसवावा लागतो. दिवा आणि कॅमेरा दोन्ही बाहेर असतील, तर दोघांना शक्यतो वेगवेगळी खिडकी द्यावी. एकाच काचेतून दोन्ही कामे घेतली की काचेवर उमटलेला दिव्याचा उजेडच आधी कॅमेऱ्यात येतो.